आखाजीला सिंह मोकळा असतो

या, असे जवळ या. तिकडे भिंतीला टेकू नका. भिंतीला टेकलेल्या माणसाला कथा अर्धी कळते आणि झोप पूर्ण लागते, हा सप्ताह समितीतला माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. पुढं सरका, म्हणजे एका सिंहाची गोष्ट सांगतो. पुराणातली नाही, धुळ्यापलीकडची. तिच्यात माझी जी शोभा झाली तीही लपवणार नाही, कारण ती आमच्या अख्ख्या गल्लीच्या मोबाईलवर आधीच पोचलेली आहे.

मी अमृत. सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर बत्तीस वर्षं काढली आणि उरलेला जीव कीर्तनात घातला. मला सूर नाही. तालाचं तर विचारूच नका. माझ्या हातात टाळ आले की आमचे बुवा अभंग न थांबवता ते हळूच काढून दुसऱ्याकडे देतात. पण नियोजन माझं. चारशे पानांची पंगत मी पाऊण तासात बसवून उठवतो, आणि वरणाची बादली एकाही पानाला चुकत नाही. तेव्हा गर्दी, रांग आणि खोळंबा ह्या विषयात मला कुणी शिकवू नये असं माझं मत होतं. होतं, म्हणजे गेल्या आखाजीपर्यंत, गेल्या अक्षय्य तृतीयेपर्यंत.

आता सुपडूआबा. आमच्या मंडळाचे पखवाजी, मूळचे एरंडोलकडचे, वय अठ्ठ्याहत्तर. नरसिंह जयंतीला बुवा प्रल्हादाचं आख्यान लावतात. हिरण्यकश्यपू खांबावर लाथ मारतो आणि तिथं बुवा गप्प होतात. तिथून पुढं आबांचं राज्य. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा थर दिलेला असतो, म्हणून त्याचा आवाज खोल येतो. आबा त्या कातड्यावर तळहाताची टाच दाबून असा लांब घिस्सा देतात की मंडपात डरकाळी फिरते. पुढं बसलेली पोरं गपकन आयांच्या कुशीत शिरतात. पन्नास वर्षं जळगावच्या आमच्या भागात नरसिंह आला तो आबांच्या डाव्या हातातून.

आणि मी काय केलं, तर त्यांना मोबाईलवर सिंह ऐकवला. कुणीतरी गटावर टाकला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला आनंद होईल. आबांचा डावा कान चार वर्षांपूर्वीच गेलेला, म्हणून उजव्या कानाला फोन लावला. आता तुम्ही-आम्ही सिनेमात ऐकतो तशी डरकाळी खरा सिंह देत नाही, हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. तो कण्हल्यासारखा काहीतरी करत होता. आबांचा चेहरा उतरला.

"अमृत," ते म्हणाले, "पन्नास वरीस मी सिंह वाजाडा का म्हैस?"

"आबा, फोनचा आवाज बारीक असतो."

"त मंग मोठा ऐकाड. खरा. डागदर सांगस, हाऊ कान बी दिवाळीलगून जायी." उजव्या कानावर बोट ठेवून ते म्हणाले, "खरा ऐकाशिवाय मी आते डरकाळीले हात लावाव नही. देवनी गोष्ट शे. खोटी साक्ष कशी देऊ?"

नरसिंह जयंती महिन्यावर आलेली. खांब फुटणार आणि आतून कुणीच निघणार नाही, अशी वेळ मी माझ्या बोटानं, एका व्हिडिओवर टिचकी मारून आणली होती. त्या दिवशी मी देवापुढं उभा राहिलो तो आरोपीसारखा.

धुळ्याच्या पलीकडे नवी सफारी झाल्याचं ऐकून होतो. जाळीच्या गाडीत बसवतात आणि सिंहाच्या हद्दीत फिरवून आणतात. पण जो जाऊन आला तो गर्दीच्याच कहाण्या सांगत होता. आणि आबांच्या उरलेल्या एका कानात सिंह पडायचा, तर भोवती शांतता हवी. आम्हाला सिंह बघायचा नव्हता, ऐकायचा होता. बघणाऱ्याला गर्दी चालते, टाचा उंच केल्या की झालं. ऐकणाऱ्यानं काय उंच करावं?

म्हणून मी पद्धतशीर सुरुवात केली. आधी सफारीच्या ऑफिसला फोन.

"सिंह साधारण किती वाजता ओरडतो?"

पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, खायला साडेदहाला देतात."

"खाण्याचं नाही, ओरडण्याचं विचारतोय."

"त्याचं टाइमटेबल नाहीये."

"मग तसं लेखी कळवाल का?"

फोन ठेवला गेला. माझ्या टेबलावर असं कधी झालं नव्हतं. मी निदान अर्ज ठेवून घ्यायचो.

मग मोबाईलवर पाहिलं. कोणत्या वारी किती गर्दी असते ते दाखवणारे निळे खांब त्यात उभे असतात. रविवारचा खांब सगळ्यात उंच, बुधवारचा सगळ्यात बुटका. खांब म्हटला की माझा हात आपोआप जोडला जातो; तसा जोडला आणि बुधवार पक्का केला. पण बुधवार कोणता? तर त्यासाठी शेजारी गेलो, प्रकाशचंदजींच्या किराणा दुकानात. आजोबांपासून मारवाडातून येऊन जळगावात वसलेली ही मंडळी. गिऱ्हाईक दारातून आत यायच्या आधी त्याला किती साखर लागणार हे प्रकाशचंदजींना कळतं.

"अमृतभाऊ, तुम्ही गिऱ्हाइकासारखा विचार करून राहिले," ते म्हणाले. "दुकानदारासारखा करा. माझ्या दुकानात अख्ख्या वर्षात कोणत्या दिवशी चिमणीपण येत नाही?"

"कोणत्या?"

"आखाजीला. आदल्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, रवा, गूळ, वेलदोडा. आणि त्या दिवशी? बठ्ठा खानदेश घरात. रस, पुरणपोळी, झोप. मी तर दुकान बंद करून आमच्या जैनांच्या उपासाच्या पारण्याला निघून जातो."

कुणाला सांगणार नाही असा त्यांचा शब्द घेऊन मी पंचांग काढलं. आखाजी बुधवारी. निळा बुटका खांब आणि अक्षय्य तृतीया एकाच चौकोनात. देव असा इशारा वारंवार देत नाही.

घरी मात्र इशारा निराळा मिळाला. आखाजी म्हणजे सासुरवाशिणीचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, दुपारी रसाच्या वाट्या फिरतात. आमची मयुरी मंगळवारीच जामनेरहून येणार होती. जावई हितेंद्रराव तिकडच्या मार्केट यार्डात नोकरीला. त्यांना काम होतं म्हणून ते येणार नव्हते. आणि सकाळी पितरांची घागर भरायची ती घरच्या कर्त्यानं. अशा दिवशी मी सफारीला जातो म्हटलं असतं तर पितरांच्या शेजारी माझीही घागर लागली असती.

म्हणून सुनंदाला सांगितलं, "आबांच्या कानाचं काम आहे, धुळ्याला. बाराच्या आत पानावर हजर."

हे खोटं नव्हतं. नरो वा कुंजरो वा म्हणणाऱ्या धर्मराजाचा रथ एवढ्यावरच जमिनीला टेकला होता, हे आठवलं. पण माझ्याकडे मुळात भाड्याची व्हॅन होती, ती आधीच जमिनीला टेकलेली असते.

"आखाजीला कोणता डॉक्टर उघडा असतो?" सुनंदानं विचारलं.

"धुळ्याला असतो एक. फार गर्दी नसते त्याच्याकडे."

तिकीट ऑनलाइन काढायला दीड दिवस लागला, कारण आबांच्या आधारला जोडलेला नंबर सुरतेतल्या नातवाचा, आणि तो कारखान्यात पाळीवर असताना फोन कपाटात. ओटीपीचा आकडा यायचा, दहा मिनिटांत मरायचा, आणि नातू संध्याकाळी सगळे मेलेले आकडे एकदम पाठवायचा. शेवटी त्यानं सुट्टी टाकली. सकाळी आठची पहिली फेरी मिळाली. मी तो कागद छापून देवाच्या तसबिरीमागं ठेवला.

बुधवारी पहाटेच पितरांना उठवलं. मातीची घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं, आज्या-पणज्यांची नावं नेहमीपेक्षा दुप्पट वेगानं घेतली, आणि एखादं सुटलं असेल तर क्षमा मागून दीपकच्या व्हॅनमध्ये बसलो. आबा आधीच मागं बसले होते. मांडीवर पखवाज आणि डब्यात कणकेचा गोळा.

"आबा, हे कशाला?"

"ताडीसनी पाहाले नको? तो तिकडे बोलयी, मी आठे वाजाडसू. फरक लगेच समजी."

रस्ता मोकळा होता. पारोळा गेलं, धुळं गेलं. कुठं चिटपाखरू नाही. मी दीपकला नियोजनशास्त्रावर चार गोष्टी सांगितल्या. गर्दी ही माणसांची नसते, ती वेळेची असते, वगैरे. दीपक "हो भाऊ, हो भाऊ" म्हणत होता. साडेसातला आम्ही सफारीच्या फाट्यावर वळलो आणि दीपकनं गाडी थांबवली.

"भाऊ, पुढं जत्रा दिसते."

जत्रा नव्हती. ती रांग होती. फाटकापासून निघून, पार्किंगला वळसा घालून, उसाच्या रसाच्या गाडीवरून मागं फिरून रस्त्याला लागलेली. मी खाली उतरून नीट पाहिलं आणि मला त्या रांगेत काहीतरी विचित्र वाटलं. काय ते पटकन ध्यानात येईना. मग आलं. रांगेत एकही बाई नव्हती.

माझ्या गणिताची चूक आता ऐका, कारण ही चूक करायला खानदेशातच जन्मावं लागतं. आखाजीला अख्खा खानदेश घरी असतो, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. पण कोणाच्या घरी? लेकी माहेरी असतात. म्हणजे त्यांच्या सासरी कोण उरतं? नवरे. चूल बंद, घर मोकळं, विचारणारं कोणी नाही. शिवाय शेतात वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदारांचं साल आखाजीलाच पुरं होतं. जुना मालक सुटलेला, नवा उद्यापासून. वर्षातला हा एकच दिवस असा, की जळगाव-धुळे जिल्ह्यातला प्रत्येक पुरुष सुटलेला असतो. आणि सुटलेला पुरुष एकटा बसत नाही. मी रसाच्या वाट्या मोजल्या होत्या, रिकाम्या घरातले पुरुष मोजायचे राहिले.

त्यात आणखी एक भर. रांगेतून हाका येऊ लागल्या.

"अमृतभाऊ, राम राम. तुमच्याच आयडियेनं आलो."

"माझ्या?"

"प्रकाशचंदजी म्हणे, अमृतभाऊनं पंचांग पाहून दिवस काढलाय, आखाजीला सिंह एकदम मोकळा असतो."

आमच्या गल्लीतले सात जण होते. प्रकाशचंदजींनी शब्द दिल्याप्रमाणे कुणालाच सांगितलं नव्हतं; फक्त आदल्या दिवशी रवा-गूळ न्यायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं.

माझ्याकडे आठची फेरी होती, म्हणून मी कागद उंच धरून थेट खिडकीशी गेलो. तिथला माणूस म्हणाला, मशीन बंद आहे, ऑनलाइनवाल्यांनी कागदावर शिक्का मारून घ्यायचा.

"शिक्का कुठं मिळेल?"

"इथंच."

"मग मारा."

"रांगेतून या."

बत्तीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसून हेच वाक्य म्हटलं होतं. बाहेरून ते इतकं वेगळं ऐकू येतं, याची मला कल्पना नव्हती.

आबांना व्हॅनच्या सावलीत बसवून मी रांगेच्या शेपटीला लागलो. दहा वाजले. ऊन असं, की पायाखालची डांबरी नरम झाली. पुढच्या वळशाला एक पाठमोरा शर्ट दिसला. ओळखीचा वाटला, कारण गेल्या दिवाळीला तो मीच घेऊन दिला होता. शर्ट वळला. आमचे हितेंद्रराव.

दोघांनीही एकमेकांना न पाहिल्याचा प्रयत्न केला, पण रांग फिरत फिरत आम्हाला अगदी शेजारी घेऊन आली.

"काय जावईबापू, मार्केट यार्ड इकडं आलं का?"

"आणि मामा, तुम्ही? मयुरी म्हणाली, तुम्ही कानाच्या डॉक्टरकडे."

"त्याच कामात आहे."

आम्ही दोघं सुज्ञ माणसं. काही न बोलता करार झाला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि सवयीनं त्यांनी तो उचलला. व्हिडिओ कॉल होता. मयुरी झोक्यावर बसलेली. ह्यांनी घाईनं फोन दुसरीकडे वळवला, म्हणजे मागं सफारीचा फलक दिसू नये. तिकडे मी होतो.

"पप्पा?" मयुरी म्हणाली.

मग झोका थांबला आणि पडद्यावर सुनंदाचा चेहरा आला. ती शांत होती. आमच्या मागं रांगेतली पंचेचाळीस माणसं ऐकत होती.

"आबांचा कान बरा झाला का?"

"अजून नंबर नाही लागला," मी म्हणालो.

"असू द्या. सावकाश या. रस ठेवायचा नसतो, तो वाटून टाकते." आणि फोन बंद झाला. मागच्या एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो अनोळखी होता. पण त्या रांगेत सगळ्यांना सगळं समजत होतं.

शिक्का मिळाला साडेबाराला. आबांना घेऊन फाटकाशी आलो. तिथं पहारेकरी होता झिपरू, यावलच्या वर सातपुड्यातल्या पाड्यावरचा, किडकिडीत, टोपी कानांवर आलेली. त्यानं पखवाजाकडे पाहिलं, मग फलकाकडे. वाद्य नेण्यास मनाई.

"आणि डब्यात काय आहे?"

"कणीक," मी म्हणालो.

खाद्यपदार्थांनाही मनाई होती. झिपरू विचारात पडला. "शिजवली नाही, म्हणजे खायची वस्तू होते का?"

"नाही होत. ही पखवाजाला लावायची."

"म्हणजे वाद्याचा भाग."

"हो."

"वाद्यालाही मनाई आहे."

त्यानं साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, कणीक ही वन्यप्राण्यांना आमिष ठरू शकते. मी म्हणालो, सिंह कणीक खात असता तर हिरण्यकश्यपू वाचला असता. साहेब म्हणाले, कोण. मागं रांग खवळली. शेवटी पखवाज आणि डबा दोन्ही फाटकावर ठेवून घ्यायचं ठरलं. आबांनी पखवाज झिपरूच्या हातात दिला, तो लेक सासरी पाठवावी तसा.

"पोरा, उनमा नको ठेवजो. आनी कनीक वाळनी त ती काय कामनी नही."

"हो आबा," झिपरू म्हणाला.

गाडीत आम्ही चाळीस पुरुष, चाळीस उपाशी पुरुष. जाळीतून प्रत्येकाचा हात बाहेर. एका नाल्याच्या काठी, पळसाच्या सावलीत सिंह पडलेला होता. झोपलेला. चाळीस जण एकदम बोलू लागले.

"ए भाऊ, ऊठ ना."

"साल संपलं वाटतं याचं."

"बायको माहेरी गेली असंल, झोपू द्या."

आबा खिडकीशी बसले होते, उजवा कान जाळीला लावून, डोळे मिटून. त्यांच्या त्या एका कानात आमच्या गल्लीची थट्टा तेवढी जात होती. मला ते बघवेना. मला सूर नाही, ताल नाही, पण भर मंडपाला गप्प करायचं मला येतं. मी उठून उभा राहिलो आणि पंगतीत हाक देतो तशी हाक दिली.

"मंडळी, ऐका. हे आमचे सुपडूआबा. पन्नास वर्षं देवाच्या सिंहाची डरकाळी वाजवतात. एक कान गेला, दुसरा दिवाळीपर्यंत आहे. खरा सिंह एकदा ऐकायचा म्हणून आलेत. ह्यांना पाच मिनिटं द्या."

तुम्हाला खोटं वाटेल, पण चाळीस पुरुष गप्प झाले. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. हितेंद्ररावांनी फोन खिशात घातला. एकाला खोकला आला, तो त्यानं उपरण्यात दाबला. पाच मिनिटांची दहा झाली. पळसाचं पान पडलेलं ऐकू येत होतं. सिंहानं एक डोळा उघडला, जांभई दिली, कूस बदलली आणि पाठ फिरवली.

गाडी परत वळली. मघाशी थट्टा करणाऱ्या सालदारानं आबांना उतरायला हात दिला.

"जाऊ दे, अमृत," आबा म्हणाले. "त्याले बी सुटी शे."

मला वाटलं, त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फाटकाशी आलो. झिपरू टपरीमागच्या निंबाखाली उकिडवा बसला होता. पखवाज त्यानं पोत्यावर आडवा निजवून ठेवला होता, आणि कणकेचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीशी. जेवायची सुट्टी त्यानं त्यातच घालवली होती. दर थोड्या वेळानं फडकं ओलं करत होता. आबांनी झाकण काढून कणीक बोटानं दाबली. लोण्यासारखी मऊ.

"तुले कोनी शिकाडं?"

"आमचे होळीचे ढोल असतात, आबा. चामड्याला ऊन चालत नाही, एवढं समजतं."

आबा तिथंच खाली बसले. पखवाजी उन्हातून आणलेलं वाद्य तपासल्याशिवाय गाडीत ठेवत नाही. त्यांनी वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकले, कणीक थापली, उजव्या हाताची दोन बोटं वाजवून पाहिली. मग का कुणास ठाऊक, डावा हात ओला केला आणि कातड्यावरून तो लांब घिस्सा दिला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा दिला तो असा, की उसाच्या रसाची गाडी थांबली. जिथं तो खांब फोडून येतो ना, तो घिस्सा. हात तसाच कातड्यावर ठेवून आबा बसून राहिले.

आधी वाटलं, दूर कुठं मालट्रक चढावर लागलाय. मग ध्यानात आलं, आवाज भिंतीच्या आतून येतोय. लांब, खोल, कण्हल्यासारखा. पुन्हा एक. आणि मग तुटक, छोटे, एकामागून एक, कमी होत जाणारे. सगळं फाटक पुतळ्यासारखं उभं होतं.

मी आबांकडे पाहिलं. डोळे मिटलेले. मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकलो. "आबा, ऐकलं का?"

"नही," आबा म्हणाले. "कानमा नही ऊना."

आखाजी गेली, रस गेला, इज्जत गेली, आणि सिंह ओरडला तो कान चुकवून.

"हातमा ऊना," आबा म्हणाले. त्यांचा तळहात अजून डाव्या कातड्यावर होता. "कातडं थरथरनं रे, अमृत. हात सरळ भरी गया." त्यांनी हळूच हात उचलला आणि बोटांनी कणकेवर ते तुटक ठोके दिले. हं, हं, हं. "डरकाळी मन्ही बरोबर शे. पन शेवटे तो धापा टाकस. धापा त मी कधी वाजाड्याच नहीत."

अकरा दिवसांनी नरसिंह जयंतीचं कीर्तन झालं. मंडप भरला होता. आमची गल्ली, हितेंद्रराव, आणि त्या गाडीतले पाच-सहा अनोळखी सालदारसुद्धा. खांबावर लाथ बसली, बुवा गप्प झाले, आबांनी घिस्सा दिला. पोरं नेहमीप्रमाणे आयांना बिलगली. पण तिथं आबा थांबले नाहीत. डरकाळी ओसरली आणि तिच्यामागून ते तुटक ठोके आले, हळू, आणखी हळू, दमलेल्या जीवाचे. बुवांनी पुढची ओवी उचलायची होती, ते उचलेनात. उपरण्यानं डोळे पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "आबा, इतकी वर्षं तुमचा देव मारायला यायचा. आज तो लेकराच्या हाकेला धावत आला, आणि दमला."

सुनंदा बायकांच्या बाजूला बसली होती. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "दर आखाजीला असाच डॉक्टर शोधणार असाल, तर मला आधी सांगत जा. रस डब्यात देईन."

आबांचा उजवा कान दिवाळीपर्यंतही टिकला नाही. आता ते डाव्या हातानं ऐकतात, आणि ठेका पूर्वीइतकाच बिनचूक असतो. त्यांचं नाव घ्यायला आमचं मंडळ आहे, गल्ली आहे, पन्नास वर्षांची पुण्याई आहे. त्यांची मला काळजी नाही.

झिपरूला मात्र साहेबांकडून कागद गेला: बंदी असताना फाटकावर वाद्य वाजू दिलं, खुलासा करावा. खुलासा मीच लिहून दिला, माझ्या आयुष्यातला सर्वात सुंदर सरकारी कागद. सदर वाद्य वाजविण्यात आले नसून, उष्णतेमुळे झालेल्या परिणामाची तपासणी करण्यात आली; तसेच सदर प्राण्याने दिलेला प्रतिसाद हा त्याचा स्वेच्छेचा आहे. तो कागद कुठल्या टेबलावर पडलाय ते अजून कळलेलं नाही. झिपरूचा फोन लागत नाही. पाड्यावर रेंज नसते म्हणतात.

तर मंडळी, कथा झाली, आता उठाल, प्रसाद घ्याल. एवढंच करा. आज रात्री देवापुढं हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांबरोबर सातपुड्यातल्या त्या झिपरूचं नाव एकदा घ्या. कुणा परक्या म्हाताऱ्याची मूठभर कणीक वाळू नये, म्हणून तो आखाजीच्या भर दुपारी उपाशी बसला होता.